तापलेलं दूध

सोमवारी हॉटेलची गाठोडी आली की लॉन्ड्रीत कुणाला मान वर करायला सवड नसे. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, वेटरांचे पांढरे कोट. सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन दुपारी चारला परत जायला हवं. पुढच्या खोलीत धुण्याची दोन यंत्रं घरघरत असत, मधल्या खोलीत दोऱ्यांवर चादरी लोंबत, आणि खिडकीखालच्या लांब टेबलाशी थोरली सून वाफेची इस्त्री फिरवत उभी असे. थोरलीचा हात असा साफ की तिनं घातलेली घडी पट्टी लावून तपासावी. त्या टेबलाशी तिच्यावाचून पान हलत नव्हतं, आणि नेमकं तेच तिच्या मुळावर आलं.

मागच्या खोलीत तिची अडीच महिन्यांची मुलगी रडत होती. नाव काय ठेवायचं यावर घरात एकमत होईना, म्हणून सगळे तिला छकुलीच म्हणत. रडणं कानावर आलं आणि थोरलीचा कपडा छातीशी भिजला. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

“माई, घेऊ का हो तिला? पाचच मिनिटं.”

माई म्हणजे तिच्या सासूबाई. दाराशी स्टुलावर बसून त्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम, मान लाल, केस चिकटलेले.

“पाच मिनिटांत गार होणारेस का तू? नुसती वाफाळलीयेस. हे तापलेलं दूध घालायचंय पोरीच्या पोटात?”

थोरली टेबलाकडे वळली. तिनं इस्त्री उचलली.

या घरात तापलेलं दूध हा कायदाच होता. इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहणारी बाई आतून तापते, तिचं दूध तापतं, आणि ते बाळाला बाधतं. माईंना हे त्यांच्या सासूनं सांगितलं होतं आणि तिला तिच्या सासूनं. म्हणून टेबलावरून उठलेल्या बाईनं आधी तासभर मोरीशेजारी गार फरशीवर बसायचं, साठलेलं दूध पिळून टाकून द्यायचं, आणि मगच बाळाला घ्यायचं. त्या गल्लीत अशा चार लॉन्ड्र्या होत्या आणि चारही घरांत हेच चालत होतं. कुणी विचारलं नाही की बाईच्या अंगातलं दूध तापायला ती काय पातेलं आहे?

बरं, तासभर बसायला हॉटेलची गाडी थांबणार होती का? तेव्हा छकुलीला दूध तीनदाच मिळे. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, दुपारी गाडी गेल्यावर, आणि निजताना. अधल्यामधल्या वेळी माई तिला मांडीवर घेऊन चमच्यानं साखरेचं पाणी पाजत. गाल कुरवाळत, बोबडं बोलत पाजत. खोटं कशाला बोलावं, नातीवर त्यांचा जीव होता. पोट पाण्यानं भरलं की पोर झोपून जायची, आणि माई समाधानानं तिला दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवायच्या.

थोरलीचं खाणंपिणंही माईंच्याच हातात. पाणी अर्धा पेला, कारण जास्त पाणी प्यालं की दूध पातळ होतं. जेवण सगळ्यांच्या मागून, उभ्या उभ्या, जे उरेल ते. अंगावर पाजणारीनं हलकंच खावं म्हणे. पाठ टेकायची सोय नाही, कारण आडवी झाली की बाळंतीण आळसावते. एवढं सगळं केल्यावर दूध कमी पडायला लागलं, तेव्हा माईंनी दुकानातून एक डबा आणला. डब्यावर हिरवी पानं आणि बाळाला छातीशी धरून हसणारी एक गोरीपान बाई. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, शंभर टक्के नैसर्गिक.

“रोज दोन चमचे घे. तुझ्यासाठी मुद्दाम आणलाय,” माई म्हणाल्या.

“माई, त्यापेक्षा मला थोडं झोपू द्याल का दुपारी? तिला कुशीत घेऊन?”

“झोपून दूध आलं असतं तर डबेवाले उपाशी मेले असते.”

धाकटी सून हे ऐकून खुदकन हसली. ती सात महिन्यांची गरोदर होती, मोजे जोडीनं लावत बसली होती, आणि घरात हसायचं काम तिच्याकडेच असे. थोरलीही हसली, कारण सगळे हसत असताना न हसणं बरं दिसत नाही. निसर्ग बिचारा मागच्या खोलीत रडून रडून थकत होता आणि हे लोक त्याला डब्यात शोधत होते.

दर रविवारी छकुलीचं वजन होई. तो आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा मान. लॉन्ड्रीचा वजनकाटा त्यांनी तीस वर्षं सांभाळला होता आणि त्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दोन्ही हातांनी गुंडाळलेली नात काट्यावर ठेवायची, चष्मा पुसायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा. जन्मली तेव्हा दवाखान्यात तीन किलो भरली होती. पुढे तीन चारशे झाली, मग तीन आठशे, चार शंभर, आणि गेल्या रविवारी चार चारशे. मधल्या दिवसांत थंडी पडली होती. दुपट्यावर स्वेटर चढला, स्वेटरवर लोकरीची शाल, तिच्यावर जाड ब्लँकेट. आकडा वाढला की आबा मिशीतल्या मिशीत हसत.

थोरलीनं एकदा म्हणून पाहिलं. “आबा, पाजताना हाडं लागतात हो हाताला.”

“लांबट बांध्याची आहे, बापावर गेलीये,” माईंनी परस्पर निकाल लावला. “काटा खोटं बोलतो का?”

मंगळवारी दवाखान्याच्या फेरीवरची नर्स आली. खांद्याला विटकी पिशवी, पायांत झिजलेल्या चपला, आणि दहा घरं चढून उतरल्याचा थकवा तोंडावर. माईंनी तिला स्टूल दिलं, चहा दिला. नर्सनं छकुलीची हनुवटी हलकेच दाबून जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि चहा तसाच ठेवला.

“दिवसात लंगोट किती ओले होतात?”

“दोन. फार तर तीन,” माई कौतुकानं म्हणाल्या. “शहाणी आहे हो पोर. धुणं म्हणून वाढवत नाही.”

लॉन्ड्रीतल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. नर्सचा चेहरा मात्र उतरला.

“माई, सहा तरी व्हायला हवेत. दूध पोटात जात नाहीये तिच्या. तिनं मागितलं की लगेच पाजायला हवं. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा, जितकं मागेल तितकं.”

“इस्त्री सोडून तापलेली उठते ती. बाधेल की पोरीला.”

“काही बाधत नाही. बाई टेबलाशी उभी राहू दे नाहीतर चुलीशी, दूध अंगाच्याच उबेचं असतं. बाळ जितकं ओढेल तितकं येतं, नाही ओढलं तर आटतं. हे पाणी पाजणं आधी बंद करा.” मग ती थोरलीकडे वळली. “तू जेवतेस कधी?”

थोरलीनं माईंकडे पाहिलं. नर्सला उत्तर मिळालं.

“हिला औषध वगैरे काही नको. तहान लागेल तेव्हा पोटभर पाणी, सगळ्यांच्या आधी गरम जेवण, आणि दुपारी दार लावून बाळाला उघड्या छातीशी घेऊन झोप. घरातलं काम दुसऱ्या कुणीतरी उचला. एवढंच लागतं बघा, आणि नेमकं तेवढंच कुठल्या घरात मिळत नाही.”

माईंना हे झोंबलं. चार पोरं वाढवलेल्या बाईला कालची पोरगी शिकवते म्हणजे काय. त्यांनी कॅलेंडर काढून तिच्यापुढे धरलं. “दर रविवारी वजन करतो आम्ही. बघा. वाढतंय.”

नर्सनं आकडे वाचले, मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं, पुन्हा आकडे वाचले. “कपडे काढून केलं होतं का?”

“या थंडीत उघडी करू तिला?” आबा आतून कडाडले. “तीस वर्षं काटा वापरतोय मी.”

नर्स वाद घालत बसली नाही. तिनं चिठ्ठी लिहून थोरल्या मुलाच्या, म्हणजे छकुलीच्या बापाच्या हातात दिली. “आजच दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका. मी तिथे सांगून ठेवते.” थोरला बरा माणूस होता. बायकोवर हात उगारणारा नव्हता, दारू पिणारा नव्हता. पण बुधवारी हॉटेलात मोठी पार्टी होती, दोनशे चादरी जास्तीच्या होत्या, आणि थोरली दवाखान्यात बसली तर टेबलाशी कोण उभं राहणार? त्यानं चिठ्ठी खिशात घातली. “गुरुवारी सकाळी पहिलं काम हेच,” तो बायकोला म्हणाला, आणि त्याचं बोलणं मनापासून होतं.

बुधवारी दुपारी टेबलाजवळची इस्त्री उभी दिसली आणि थोरली जागेवर नव्हती. माई शोधायला मधल्या खोलीत गेल्या. चादरींच्या तीन ओळींमागे, भिंतीला टेकून, थोरली खाली बसली होती आणि छकुली तिच्या छातीशी होती. थोरली घामानं निथळत होती, गार झालेली नव्हती. पोरीला ओढायला जोर नव्हता. दोन घोट घेऊन ती थांबायची, दम खायची, पुन्हा दोन घोट. थोरलीनं वर पाहिलं आणि माईंना बघूनही उठली नाही.

“राहू द्या ना माई. घेतेय ती.”

माई क्षणभर थांबल्या होत्या, हे लिहिलंच पाहिजे. पोरीची बारीक मूठ आईच्या कपड्यावर उघडत मिटत होती आणि ते बघून त्यांना बरं वाटलं होतं. मग सासूचं, सासूच्या सासूचं सांगणं आठवलं, आणि भीतीनं त्यांनी वाकून छकुलीला उचललं. दूध तिच्या ओठांवरून हनुवटीवर ओघळलं.

“जीव घ्यायचाय का तिचा?” त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीतल्या चारही लॉन्ड्र्यांत पसरली. सांगणाऱ्याही माईच.

गुरुवारी सकाळी थोरला दवाखान्यात जायला तयार होत होता. माईंनी छकुलीचे मळके कपडे काढून तिला टॉवेलात गुंडाळून खाटेवर ठेवलं आणि शाल, स्वेटर, ब्लँकेट धुवायला काढलं. पुढे आबा हॉटेलचं गाठोडं काट्यावर चढवत होते. धाकटीनं वहीत बघून विचारलं, “आबा, पिशवी वजा केली का?”

“केली, केली. कधी विसरलोय?”

हा प्रश्न रोज होई. हॉटेलचे कपडे वजनावर येत, म्हणून पिशवीचं वजन आधी काढायचं, नाहीतर हिशेबाला चुकतं. तीस वर्षांत आबा एकदाही विसरले नव्हते. माईंच्या दोन्ही हातांत ते सगळे कपडे होते, वर जाड ब्लँकेट. त्या तशाच पुढे आल्या, आबांचं गाठोडं त्यांनी ढकलून बाजूला केलं, आणि छकुलीचे सगळे कपडे काट्यावर टाकले. एक किलो सहाशे. मग कपडे उतरवले, पोरीला आतून आणून टॉवेल काढून ठेवलं. दोन किलो आठशे.

जन्मली तेव्हा तीन होती.

आबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि तिथेच गाठोड्यावर बसले. उघडी पोर काट्याच्या पत्र्यावर पडली होती आणि रडतही नव्हती. माईंना तिच्या बरगड्या मोजता आल्या. रोज त्याच तर तिला न्हाऊ घालत होत्या. डोळ्यांना दिसलं नाही कारण कॅलेंडर सांगत होतं की सगळं ठीक आहे. मग त्यांनी तिला पोटाशी धरलं आणि अनवाणीच पळत सुटल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी फार काही विचारलं नाही. मंगळवारची चिठ्ठी वाचली, तारीख पाहिली आणि थोरल्याकडे नुसतं बघितलं. छकुलीच्या नाकात नळी गेली. थोरलीला खाट मिळाली. नर्सनं तिच्या उशाशी पाण्याचा जग ठेवला, वरण-भाताचं ताट हातात दिलं, उबदार चादर घातली, आणि पोरीला उघडीच तिच्या छातीवर निजवून वरून पांघरूण ओढलं. तिला इस्त्री नव्हती, घड्या नव्हत्या, कुणाच्या मागून जेवायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून थोरली पहिल्यांदाच दिवसाउजेडी झोपली.

आणि शुक्रवारी दुपारी तिला दूध आलं. असं आलं की पांघरूण भिजलं. माई शेजारी स्टुलावर होत्या, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डबा घरी फळीवर तसाच राहिला होता. फक्त झोप, पाणी, जेवण आणि छातीशी लेकरू. नर्स म्हणाली होती तेवढंच. थोरलीनं छकुलीचे ओठ लावून पाहिले, दूध ओठांवर पिळलं, गालाला बोट लावून हाका मारल्या. पोरीनं एकदा तोंड उघडलं. गिळायची ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि नळीतून घातलेलंही पोटात टिकत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती आईच्या छातीवरच गेली. थोरलीला लगेच कळलंही नाही. पलीकडच्या खाटेवर एक अपुऱ्या दिवसांचं बाळ होतं, त्याच्या आईला अजून दूध उतरलं नव्हतं. तासाभरानं नर्स स्वच्छ वाटी घेऊन आली, पण थोरलीला विचारायचं धाडस तिला होईना, ती नुसतीच उभी राहिली. थोरलीनंच हात पुढे केला. माई भिंतीकडे तोंड करून रडत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. मधल्या खोलीतल्या चादरी बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली. थोरली कोपऱ्यात होती, धाकटी तिच्या जवळ. शेजारच्या लॉन्ड्रीची म्हातारी हळूच माईंकडे झुकली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता.

“तापलेलंच लागलं हो पोरीला. बुधवारी चादरीमागे पाजलं ना हिनं? गुरुवारी पोर दवाखान्यात.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी थोरलीकडे पाहिलं, कुणी पाहायचं टाळलं. थोरली मान खाली घालून बोटांची नखं बघत होती. भुकेच्या वेळी मिळालेलं ते एकच पाजणं होतं आणि आता तेच तिच्या गळ्यात बांधलं जात होतं. माईंना हे सोसेना.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तापलेलं दूध वगैरे काही नसतं. पोर उपाशी होती. मी ठेवली उपाशी. दूध आईच्या अंगावर होतं, ते मी मोरीत ओतायला लावलं. चादरीमागून मीच उचलली तिला, घोट घेत असताना. हिचा काहीएक दोष नाही.”

मग म्हातारीनं माईंच्या पाठीवरून हात फिरवला.

“बघा बायांनो. सुनेचा दोष स्वतःच्या अंगावर घेतेय. अशी सासू मिळायला भाग्य लागतं.”

“खरंच हो,” दुसरी म्हणाली, आणि पदराला डोळे पुसले. “केवढं मोठं मन.”

माईंनी पुन्हा सांगितलं. काट्याचं सांगितलं, सहाशेचं, आठशेचं, दवाखान्यात आलेल्या दुधाचं. जितकं सांगावं तितक्या बायका हळहळत होत्या आणि तितकं थोरलीचं पाप जड होत होतं. शेवटी कुणीतरी त्यांना पाणी दिलं आणि म्हणालं, “आता मनाला लावून घेऊ नका. माणूस दुःखात काहीही बोलतं.”

आपणही अशा खोल्यांत बसून आलेलो आहोत. आपणही पाणी पुढे केलं आहे. नवी आई जेवली का, हे न विचारता बाळाचे गाल ओढले आहेत आणि निघताना दोन नवे नियम सांगून आलो आहोत. त्या बायका दुष्ट नव्हत्या. माईंचं खरं मानलं असतं तर प्रत्येकीला आपल्या घरात गेलेलं एखादं मूल आठवलं असतं, आणि ते ओझं उचलायची कुणाची तयारी नव्हती.

बायका गेल्यावर धाकटी माईंच्या पायाशी येऊन बसली. तिचं हसणं त्या आठवड्यात बंदच झालं होतं.

“माई, तुम्ही काळजी करू नका. मी चुकणार नाही. मी आपली तासभर बसून, अगदी गार होऊनच पाजीन.”

“अगं, मी इतका वेळ काय सांगत होते?” माईंनी तिचे दोन्ही हात धरले. “तशीच पाज. घामात पाज. रडलं की पाज. टेबल मी बघते.”

“जाऊबाईंसाठी बोलताय, ते कळतं मला,” धाकटी समजुतीनं म्हणाली.

थोरलीनं हे ऐकलं. ती उठली आणि टेबलाशी गेली, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. माई तिच्या मागे गेल्या, तिच्या हातातून इस्त्री घ्यायला लागल्या. तिनं ती सोडली नाही.

“राहू द्या माई. मला एकच कळत नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “तुम्ही तिला उचलून नेलंत ते नेलंत. मी नेऊ का दिलं?”

माईंनी इस्त्रीवरचा हात काढून घेतला. चाळीस वर्षांत त्या घरानं त्यांचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. म्हणूनच पोर गेली. आणि आता पहिल्यांदा त्या खरं बोलत होत्या, तर कुणी ऐकायला तयार नव्हतं.

धाकटीला परवाच नववा लागला. माई तिला रोज समजावतात. ती शांतपणे ऐकून घेते, “हो माई” म्हणते, आणि काय करायचं ते तिनं केव्हाच ठरवून टाकलं आहे. तुमच्यापैकी कुणाचं ती ऐकणार असेल तर जाऊन सांगा. जेमतेम महिना आहे.